गूळ-चिंचेच्या लेपातला झटपट मासा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात मासा म्हटला की बहुतेक घरांत डोळ्यांपुढे येतो तो येसर (भाजलेली धान्ये आणि मसाले दळून केलेले पीठ) घातलेला झणझणीत रस्सा, नाहीतर रव्यात घोळवून तळलेले तुकडे. या दोहोंच्या जोडीला मी गेली काही वर्षे गूळ आणि चिंचेच्या चकचकीत लेपातला मासा करीत आले आहे, कारण तो संध्याकाळी कामावरून परतल्यावरही पाऊण तासात होतो आणि घरातली लहान मुलेही तो आवडीने खातात. ही कृती ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लेपातला मासा म्हणजे नेमके काय? तो रस्स्याहून आणि तळलेल्या माशाहून वेगळा कसा?

रस्स्यात मासा पातळ वाटणात शिजतो आणि तळलेल्या माशाला पिठाचे कोरडे आवरण असते. लेपाच्या माशात तुकडे आधी थोड्या तेलावर भाजून पूर्ण शिजवले जातात आणि त्यानंतर गूळ, चिंच, लसूण व तिखट यांचा आटवलेला पाक त्यांच्यावर चढवला जातो. हॉटेलांत यालाच ग्लेझ म्हणतात. चांगला जमलेला लेप माशावरून ओघळत नाही. तो पातळ काचेसारखा तुकड्याला धरून राहतो आणि चवीला आधी आंबट-गोड, मग तिखट लागतो. मासा आधी आणि गूळ शेवटी, हा क्रम या पदार्थाचा कणा आहे, आणि खालच्या निम्म्या तक्रारींचे मूळ तो क्रम मोडण्यात आहे.

२. चार-पाच जणांसाठी साहित्य आणि कृती नीट प्रमाणासह सांगाल का?

साफ केलेल्या माशाचे साधारण ८०० ग्रॅम तुकडे घ्यावेत. तुकड्यांची जाडी बोटाएवढी, म्हणजे दोन सेंटीमीटरच्या आसपास असावी, आणि हे मासे कापून देणाऱ्याला आधीच सांगावे. तुकडे धुऊन, स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करावेत. मग त्यांना एक चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून पंधरा मिनिटे ठेवावे. हळद आमच्याकडे वसमतची असते. तिचा रंग चांगला उतरतो, म्हणून अर्ध्या चमच्याहून जास्त लागत नाही.

त्या पंधरा मिनिटांत लेपाची तयारी होते. २५ ग्रॅम चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून कोळून गाळून घ्यावी. ६० ग्रॅम गूळ, म्हणजे मध्यम लिंबाएवढे दोन खडे, चिरून घ्यावा. सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून ठेवाव्यात. दीड चमचा लाल तिखट, अर्धा चमचा काळा मसाला आणि एक चमचा भाजलेले तीळ हाताशी ठेवावेत.

तव्यावर दोन मोठे चमचे तेल चांगले तापवून तुकडे एकमेकांना न चिकटतील असे मांडावेत आणि मध्यम आचेवर एका बाजूने चार मिनिटे, दुसऱ्या बाजूने तीन ते चार मिनिटे भाजावेत. पहिली बाजू भाजत असताना कालथा लावू नये. तुकडा भाजून झाला की तो तवा आपोआप सोडतो आणि न झालेला तुकडा ओढला तर त्याची साल तव्यालाच राहते. भाजलेले तुकडे ताटात काढावेत. त्याच तव्यात एक चमचा तेलावर लसूण गुलाबी होऊ द्यावी, आच मंद करून तिखट व काळा मसाला घालावा आणि ते करपण्याआधी लगेच चिंचेचा कोळ ओतावा. कोळाला उकळी आली की गूळ घालावा व तीन-चार मिनिटे ढवळत आटवावे. शेवटी तुकडे पुन्हा तव्यात मांडून, चमच्याने पाक वरून घालत प्रत्येक बाजू एक मिनिट ठेवावी. वरून तीळ आणि कोथिंबीर घालून लगेच वाढावे.

३. हे सगळे खरोखर पाऊण तासात होते का?

मासा साफ करून आणलेला असेल तर होते. माझ्याकडे पंधरा मिनिटे मुरवण्यात, तव्याच्या दोन घाण्यांत मिळून सोळा-सतरा मिनिटे भाजण्यात आणि सहा-सात मिनिटे लेपात जातात. शेजारच्या शेगडीवर तेवढ्यात भात होतो किंवा पाच-सहा भाकरी होतात. खवले काढण्यापासून घरी सुरुवात करायची असेल तर आणखी अर्धा तास धरावा.

४. आम्ही समुद्रापासून लांब राहतो. कोणता मासा घ्यावा?

या पदार्थासाठी समुद्राचाच मासा हवा असे मुळीच नाही, आणि मला स्वतःला तर आपल्या धरणांचा मासाच अधिक योग्य वाटतो, कारण तो कमी प्रवास करून येतो. पैठणचा नाथसागर, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, नांदेडचे विष्णुपुरी अशा जलाशयांतून रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम आणि चिलापी हे मासे आसपासच्या बाजारांत येतात. त्यांत लेपासाठी पहिली पसंती मरळीला द्यावी. तिचे मांस घट्ट असते, मांसात आडवे बारीक काटे नसतात आणि तव्यावर तुकडा फुटत नाही. फक्त ती महाग पडते. दुसरी पसंती चिलापीला. ती स्वस्त असते, तिच्यातही बारीक काटे नसतात आणि लहान चिलापी अख्खी, अंगावर तीन तिरक्या चिरा देऊन करता येते. रोहू आणि कटला चवीला उत्तम, पण काट्यांचे पथ्य पाळावे लागते (प्रश्न १२ पाहावा). मृगळ रस्स्यातच बरा.

संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत बर्फातून सुरमई आणि बांगडा मिळतात. सुरमईच्या चकत्या या लेपात फारच छान होतात. बांगडा स्वतःच तेलकट असल्याने त्याला तेल निम्मे आणि चिंच थोडी जास्त घालावी. मांगूर घेताना मात्र विचारून घ्यावे: थाई मांगूर या नावाने विकल्या जाणाऱ्या विदेशी जातीच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे, आणि देशी मांगूर ही वेगळी जात आहे.

५. ताजा मासा कसा ओळखावा?

कल्ला उचलून पाहावा. तो लालभडक व ओलसर असावा, तपकिरी किंवा चिकट नसावा. डोळे फुगीर व स्वच्छ असावेत. पोटावर बोट दाबून सोडले की खळगा भरून यावा. ताज्या माशाला पाण्याचा वास असतो, घाण वास नसतो. आठवडी बाजारात दुपारनंतर जाणार असाल तर बर्फ पाहूनच थांबावे. उघड्या टोपलीवर ओले पोते टाकलेला मासा उन्हाळ्यात घेऊ नये.

६. धरणाच्या माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो. त्यावर उपाय आहे का?

आहे, आणि तो याच कृतीत आहे. हा वास मासा शिळा असल्याचा नसतो. पाण्यातील निळे-हिरवे शेवाळ आणि काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि ते माशाच्या कातडीत व चरबीत साठते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर तापल्या रानातून जो मातीचा वास उठतो, त्यामागेही हेच द्रव्य असते. तेथे तो हवाहवासा वाटतो आणि ताटात नकोसा होतो, एवढाच फरक. आंबट पदार्थाने जिओस्मिनचा वास मोडतो, म्हणून आपल्या आज्यांनी माशाला चिंच लावण्याची जी रीत घातली ती अगदी योग्य आहे. वास जास्त असेल तर तुकड्यांना मीठ आणि चिंचेचा घट्ट कोळ चोळून दहा मिनिटे ठेवावे, स्वच्छ धुवावे आणि मगच प्रश्न २ मधील मुरवण लावावे. पोटाच्या आतला काळा पापुद्रा आणि पोटाकडची जाड चरबी काढून टाकल्यानेही पुष्कळ फरक पडतो.

७. माझा लेप दर वेळी करपतो आणि कडू होतो. काय चुकते?

बहुधा गूळ लवकर पडतो. मी पहिल्यांदा हा मासा केला तेव्हा वेळ वाचवण्यासाठी गूळ मुरवणातच घातला होता. तीन मिनिटांत तुकडे बाहेरून काळेभोर झाले, घरभर धूर झाला आणि काट्याजवळ मासा कच्चाच होता. सासूबाईंनी काही न बोलता पिठल्याला बेसन भिजवले. त्या दिवसापासून माशाच्या मुरवणात मी गोड घातलेले नाही.

कारण सोपे आहे. मासा भाजायला तवा ज्या तापमानाला लागतो, त्या तापमानाला साखर टिकत नाही. साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला ती तांबूस होऊ लागते आणि त्यापुढे झपाट्याने जळते. कोळातले पाणी असेपर्यंत पाकाचे तापमान शंभर अंशांच्या थोडेच वर राहते, म्हणून गूळ नेहमी उकळत्या कोळात घालावा, कोरड्या तव्यात कधीही नाही. लसूण काळपट झाली तरीही लेप कडू होतो. आणि दोन्ही गोष्टी सांभाळूनही कडवट चव येत असेल, तर मासा कापताना पित्ताची पिशवी फुटलेली असते. त्या तुकड्यांवरचा हिरवट भाग कापून टाकावा, धुऊन तो पुरता जात नाही.

८. लेप कधी पाण्यासारखा राहतो, तर कधी ताटात येईपर्यंत चिक्कीसारखा घट्ट होतो. नेमका केव्हा थांबावा?

तव्याच्या तळावरून कालथ्याने एक रेघ ओढावी. पाक लगेच मिटला तर अजून वेळ आहे. रेघ क्षणभर तशीच राहिली, तळ दिसला आणि मग दोन्ही कडा सावकाश एकत्र आल्या, की मासे घालायची वेळ झाली. त्या वेळी बुडबुडेही बदलतात: आधीचे लहान, भरभर फुटणारे बुडबुडे मोठे, जाड आणि आळसावलेले होतात. लेप थंड झाल्यावर आणखी घट्ट होतो, म्हणून तव्यात असताना तो जरासा सैलच वाटला पाहिजे. जास्त आटला तर दोन चमचे गरम पाणी घालून हलवावे. तो पुन्हा सुटतो.

पाणचट राहण्याचे कारण बहुतेक वेळा ओला मासा असते, कारण नीट न टिपलेला तुकडा तव्यात पाणी सोडतो. घाई असेल तर काळ्या मसाल्याऐवजी एक चमचा येसर घालावा. त्यात भाजलेली धान्ये असल्याने लेप पटकन धरतो, मात्र चकाकी थोडी कमी होते.

९. गूळ कोणता घ्यावा? त्याऐवजी साखर, मध किंवा काकवी चालेल का?

तांबूस, गडद गूळ घ्यावा. अगदी पिवळाधमक गूळ बरेचदा हायड्रॉस नावाचे रसायन वापरून उजळ केलेला असतो. गूळ घालण्याआधी चाखून पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी, कारण खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि मग लेपात वेगळे मीठ घालायचे कारण उरत नाही. गुऱ्हाळावरून काकवी मिळाली तर ती गुळाहूनही सरस. चार मोठे चमचे पुरते आणि विरघळण्याची वाट पाहावी लागत नाही. साखरेने चकाकी येते, पण चव सपाट होते. मध लवकर करपतो, म्हणून तो घालायचाच असेल तर आच बंद केल्यावर घालावा.

१०. चिंच घरात नसेल तर?

दोन लिंबांचा रस चालतो, पण तो शेवटी घालावा आणि पाक आटवण्यासाठी आधी अर्धी वाटी पाणी वापरावे. कैरीच्या दिवसांत उकडलेल्या कैरीचा गर फार छान लागतो. आमसूलही चालते. तरीही चिंचेचा गर जसा लेपाला अंग देतो तसे दुसरे काहीच देत नाही. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती हाती लागली तर प्रमाण २५ ऐवजी २० ग्रॅमपासून सुरू करावे आणि चाखून वाढवावे.

११. लोखंडी तवा, बिडाचा तवा की नॉनस्टिक?

मासा भाजण्यासाठी बिडाचा तवा सर्वांत चांगला, कारण तो उष्णता धरून ठेवतो. अडचण लेपाच्या वेळी येते. चिंचेच्या आंबटपणाने लोखंड पाकात उतरते, लेप काळसर होतो आणि जिभेवर धातूची चव राहते. जुना, तेल मुरून काळा कुळकुळीत झालेला तवा पाच मिनिटांचा लेप सहन करतो. नव्या तव्यावर मासा भाजून लेप स्टीलच्या कढईत करावा. नॉनस्टिकवर दोन्ही कामे होतात. तव्याला चिकटलेला पाक खरवडू नये, गरम पाणी घालून ठेवले की तो स्वतःच सुटतो.

१२. लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना काट्यांची भीती वाटते. काय करावे?

रोहू, कटला, मृगळ या माशांच्या मांसात, विशेषतः पाठीकडच्या आणि शेपटीकडच्या भागात, इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले बारीक काटे असतात आणि ते कण्याला जोडलेले नसल्याने कणा ओढला तरी निघत नाहीत. मुलांसाठी म्हणून पोटाकडचा तुकडा राखून ठेवावा. त्यात बरगडीचे मोठे काटे असतात, पण ते डोळ्यांना दिसतात आणि सहज निघतात. लेप चिकट असल्याने काटा घासाला चिकटून राहतो, हे या पदार्थापुरते जास्तीचे जोखमीचे आहे. माझी आई मुलांच्या ताटात तुकडा कधीच तसा ठेवत नसे. ती अंगठा आणि तर्जनी यांच्यात मांस हलकेच चुरून पाहत असे, काटा बोटाला टोचला की तो ताटाच्या कडेला ओळीने ठेवत असे, आणि मग उरलेल्या मांसाचा भाताशी घास करत असे. पाच वर्षांखालच्या मुलांना मरळ किंवा चिलापीच द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

काटा घशात अडकल्यास कोरडी भाकरी किंवा केळे गिळण्याचा जुना उपाय करू नये, कारण त्याने काटा आणखी खोल रुततो. टोचणे थांबत नसेल, थुंकी गिळता येत नसेल किंवा रक्त दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

१३. घरात मधुमेही आहेत. गूळ साखरेपेक्षा बरा ना?

रक्तातील साखरेच्या दृष्टीने नाही. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. प्रश्न २ च्या प्रमाणात पाच जणांत प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १२ ग्रॅम गूळ, म्हणजे साधारण ४५ कॅलरी येतात. मधुमेही व्यक्तीचे तुकडे लेपात घालण्याआधीच बाजूला काढावेत, त्यांवर लिंबू आणि भाजलेल्या तिळाचा कूट घालून द्यावेत आणि लेप चवीपुरता शेजारी अर्धा चमचा ठेवावा. आहार डॉक्टरांनी बांधून दिला असेल तर त्यांचा शब्द अंतिम मानावा.

१४. आमच्याकडे सासरे माळकरी आहेत. त्यांच्यासाठी हाच पदार्थ कसा करावा?

त्यांचा स्वयंपाक आधी, वेगळ्या भांड्यांत आणि वेगळ्या तेलात करावा. माशाच्या तव्यावर नंतर काहीतरी परतून देऊ नये. लेप मात्र तोच चालतो. भरताच्या वांग्याच्या जाड चकत्या किंवा पनीरचे तुकडे थोड्या तेलावर भाजून त्यांवर हाच पाक चढवला की उत्तम होते. वांगे तेल पिते, म्हणून चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी पाणी पिळून टाकावे. माळकरी मंडळींपैकी अनेक जण लसूणही टाळतात, तेव्हा त्यांच्या लेपात लसणीऐवजी जिरे आणि किसलेले आले घालावे. एकादशी, श्रावण किंवा घरात पाळला जाणारा वार असेल त्या दिवशी हा बेत पुढे ढकलावा. मासा दुसऱ्या दिवशीही मिळतो.

१५. या पदार्थाला रस्सा नाही. भाकरी कशाशी खायची?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा आला आणि तो रास्तही आहे. मासा अख्खा घेतला असेल तर डोके, शेपूट आणि पाठीचा काटा यांचा येसर घालून पातळ रस्सा करावा. दुसऱ्या शेगडीवर तो वीस मिनिटांत होतो आणि भाकरी चुरून खायला मिळते. लेपाचा मासा मग तोंडी लावायला. रस्सा नको असेल तर ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा आणि काकडीची दह्याविना केलेली कोशिंबीर पुरेशी होते. मुलांना लेप भातावर कालवून आवडतो.

१६. मासे आणि दूध-दही एकत्र खाल्ल्याने कोड होतो, हे खरे आहे का?

आयुर्वेदात मासे आणि दूध हा विरुद्ध आहार मानला आहे आणि ज्या घरात ते पाळले जाते तेथे त्याचा मान राखावा. वरची कोशिंबीर दह्याविना सांगितली ती त्यासाठीच. मात्र आधुनिक वैद्यकानुसार कोड हा त्वचेतील रंगपेशी नष्ट झाल्याने होणारा विकार आहे आणि मासे-दूध खाण्याने तो होतो याला आधार नाही. कोड असलेल्या माणसाच्या खाण्याला नावे ठेवणे तर सर्वथा चुकीचे आहे.

१७. गोठवलेला मासा किंवा बासा वापरता येईल का?

येईल. गोठवलेला मासा आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावा, ओट्यावर तासन्‌तास ठेवू नये आणि एकदा सुटलेला कच्चा मासा पुन्हा गोठवू नये. बासाचे तुकडे काट्यांविना असतात, पण त्यांत पाणी फार असते. ते दोनदा टिपून घ्यावेत, भाजण्याआधी तांदळाच्या पिठीचा हलका हात द्यावा आणि कमीत कमी वेळा उलटावेत.

१८. मासा आतून शिजला हे कसे कळते?

सर्वांत जाड तुकड्यात काट्याजवळ सुरीचे टोक घालून पाहावे. मांस पारदर्शक न राहता दुधी झाले असेल आणि काट्यापासून सहज सुटत असेल तर तो शिजला. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास आतले तापमान ६३ अंश सेल्सिअस असावे. लेपात मासा शिजेल या भरवशावर तो कच्चा काढू नये.

१९. ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये कसे करावे?

२०० अंशांवर तेल लावलेले तुकडे आठ-दहा मिनिटे भाजावेत, वेगळा आटवलेला लेप ब्रशने लावावा आणि शेवटची दोन-तीन मिनिटेच पुन्हा आत ठेवावेत. लेप आधी लावल्यास काय होते ते प्रश्न ७ मध्ये आहे.

२०. उरलेला मासा किती वेळ टिकतो? आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते.

शिजलेला मासा एरवी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. पारा ३२ अंशांच्या वर असताना एका तासाच्या आत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तो चाळिशी ओलांडतो, तेव्हा जेवणे आटोपताच उरलेले तुकडे डब्यात घालावेत. गूळ आणि चिंच यांमुळे मासा टिकतो हा समज येथे लागू पडत नाही, कारण लेप फक्त वरवर असतो. फ्रिजमधला मासा दुसऱ्या दिवशी संपवावा. गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून मंद आचेवर ठेवावा, म्हणजे लेप पुन्हा सैल होतो. रात्रभर वीज नसेल आणि फ्रिज आतून कोमट झाला असेल, तर तो मासा वासाला चांगला वाटला तरी कोणीही खाऊ नये.